आषाढासाठी ठेवलेलं धान

३ जून २०२५, मंगळवार

सकाळी बियाण्याचं पोतं सोडलं. बादलीत दहा लिटर पाणी घेतलं, त्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवलं आणि धान ओतलं. हातानं ढवळलं की पोचट दाणे तरंगत वर येतात, भरलेले तळाशी बसतात. वरचे गाळून काढायचे, तळाचे साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायचे आणि सावलीत पसरायचे. सासूबाई खाटेवरून बघत होत्या. त्यांच्या काळी हेच काम वारा आणि सूप करत. "वाऱ्याले समजते, कोन्या दान्याच्या पोटात काही आहे ते," म्हणाल्या. मग शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चार-पाच दिवसांनी किती उगवले ते मोजायचं.

दादाजी खोब्रागडे यांना जाऊन आज सात वर्षं झाली. त्यांचं नांदेड म्हणजे मराठवाड्यातलं नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं छोटं गाव. आमच्या सौंदडच्या स्टेशनावर बल्लारशाकडची गाडी धरली की अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी करत ती नागभीडलाच जाते. १९८३ साली दादाजींना पटेल-३ या वाणाच्या धानात पिवळसर, वेगळ्याच तीन लोंबी दिसल्या. त्या त्यांनी बाकीच्या धानात मिसळू दिल्या नाहीत. वेगळ्या लावल्या, त्यांचं बी पुन्हा लावलं, असं काही वर्षं करत राहिले. १९९० च्या सुमारास ते धान बाजारात गेलं तेव्हा व्यापाऱ्यानं त्याला त्या दिवसांतल्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. कृषी विद्यापीठानं १९९४ मध्ये पीकेव्ही-एचएमटी प्रसारित केलं. मूळ बियाणं आपलंच, असं दादाजींचं म्हणणं होतं. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला.

शाळेत दादाजी तिसरीपर्यंत गेले होते. मी तीस वर्षं तिसरी-चौथीच्याच वर्गांना शिकवलं. पाढे पाठ करून घेतले, शुद्धलेखन घासून घेतलं. बांधीत उभं राहून शेजारच्या लोंबीहून ही लोंब वेगळी का, हे बघायला मात्र एकाही वर्गाला नेलं नाही. शाळेच्या कुंपणापलीकडे धानच होतं.

यंदा एका एकरात एचएमटी, दीड एकरात १०१० हा दुसरा वाण. अडीच एकर, म्हणजे एक हेक्टर. खाणारी पाच माणसं: सासूबाई, भाऊजी, जाऊबाई, पुतण्या आणि मी.

१९ जून, गुरुवार

काल सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. इथल्या माणसाला ही बातमी घरातली वाटते. त्यांचं नवेगावबांध आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. त्यांच्या पक्ष्यांबद्दल, जंगलाबद्दल सगळे लिहितील. मला आठवतं ते हे की, वनखात्याचा अधिकारी असूनही ते माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या गावच्या माणसाजवळ बसून तलाव शिकले. कोणत्या गवतात कोणती मासोळी अंडी घालते, पाणी कुठवर चढलं की कोणता पक्षी येतो, ते त्यांनी विचारून घेतलं.

हे तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. गोंड राजांच्या काळात कोहळी पाळ घालत, खाली धानाच्या बांध्या काढत. पाळीतून पाणी सोडायला तुडुम, जादा पाणी काढून द्यायला सलंग. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत, आणि मालगुजारी गेली तरी नाव 'मामा तलाव' राहिलं, माजी मालगुजारी म्हणून मामा. १९५० च्या कायद्यानं तलाव सरकारचे झाले. शंभर हेक्टरच्या आत भिजवणारे जिल्हा परिषदेकडे आले. मालगुजारानं गावाला पिळलं, ते जायलाच हवे होते. पण पाळीवर झाड उगवलं की उपटायचं कोणी, तुडुम गळू लागलं की माती लावायची कोणी, हे ठरवायचं राहून गेलं.

संध्याकाळी आमच्या तलावावर गेले. काठानं बेशरम माजलीय. गाळ इतका, की म्हशी मध्यापर्यंत चालत गेल्या. ढिवरांचे एक काका जाळं शिवत बसले होते. "मरळ कुठं गेली काका?" विचारलं. "बेशरमीत मासोळी अंडी देत नाई, बाई. तिले पान्यातलं गवत लागते. गवत गाळाखाली गेलं."

अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी ढिवर समाजाच्या बायांना सोबत घेऊन हेच ओळखून काम केलं. बेशरम उपटली, पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या, आणि गावची मासोळी परतली. धानाला पाणी आणि ताटाला मासा एकाच पाळीमागे असतो. आपण मात्र सिंचनाचा कागद वेगळा करतो आणि मासेमारीचा वेगळा.

२६ जून, गुरुवार

आर्द्रा लागून चार दिवस झाले. आज खारीत (रोपवाटिकेत) परहे टाकले. गोणपाटातले शंभरपैकी एक्क्याण्णव उगवले होते.

१७ जुलै, गुरुवार

रोवणी संपली. बोटांच्या बेचक्या चिखलानं कुजल्यात. जाऊबाईंनी हळद-तेल लावून दिलं तेव्हा कुठे लेखणी धरता आली.

दहा तारखेच्या आधी दोन दिवस नुसता कोसळला. बांध्या भरून धुऱ्यांवरून पाणी वाहिलं. उघडीप मिळताच चिखलणी केली. आज परहे एकवीस दिवसांचे झाले. रोज पहाटे परहे उपटून पेंढ्या बांधल्या, बांधीत फेकल्या आणि बाया ओळीनं उतरल्या. रोवणीत माणूस मागे-मागे सरकत जातो, पुढे हिरवं होत जातं. कंबर सरळ करायला फक्त पेंढी संपल्यावर मिळते. बाया गाणी म्हणतात ती हौसेनं म्हणतात असं वाटतं. बाराच्या उन्हात कळतं की गाणं थांबलं तर हात थांबेल.

यंदा अर्ध्या एकरात भाऊजींना राजी करून दोरीवर लावलं. ही चारसूत्री पद्धत डॉ. नारायण सावंतांची, मूळ कोकणातली. दोरीला एकदा पंधरा सेंटीमीटरवर, एकदा पंचवीसवर गाठ. त्या गाठींवर दोन-तीन रोपं लावली की चार चुडांचा एक लहान चौकोन होतो. त्या चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी बोटानं खोल चिखलात दाबायची. एक गोळी पावणेतीन ग्रॅमहून थोडी कमी. अर्ध्या एकराला साडेबारा हजार गोळ्या! पुतण्यानं आणि त्याच्या मित्रांनी दोन दिवस तेवढंच केलं. फेकलेल्या युरियातला बराचसा पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या बांधीत जातो किंवा हवेत उडतो. पुरलेली गोळी मुळांजवळ हळूहळू सुटते. बांगलादेशात लाखो शेतकरी असाच युरिया पुरतात, त्याला ते 'गुटी' म्हणतात.

रोवणीच्या बाया दोरीला वैतागल्या. "बाई, दोरी पाहू का रोवू?" पहिल्या दिवशी काम निम्म्यावर आलं. त्यांचं चुकत नव्हतं. त्या हुंड्यावर, म्हणजे ठेक्यानं, रोवतात, हात मंदावला तर त्यांची मजुरी बुडते. म्हणून त्या बांधीपुरती रोजी ठरवली, आणि दुसऱ्या दिवसापासून दोरी आपसूक पुढे सरकू लागली. शेतीच्या नव्या पद्धतीचा कागद येतो तेव्हा त्यावर सेंटीमीटर असतात, रोवणाऱ्या बाईचा दिवस नसतो. मादागास्करमध्ये फादर लोलानिए यांनी 'श्री' पद्धत बसवली तीही १९८३ च्याच हंगामात. दादाजींच्या तीन लोंबी आणि फादरांचं एकेक कोवळं रोप, दोन टोकांना, एकाच वर्षी. ती पद्धतही आमच्याकडे आली आणि बहुतेक ठिकाणी मागे पडली, ती निंदणाला आणि रोवणीला हात पुरेनात म्हणून. पीक कमी आलं म्हणून नव्हे.

२२ जुलै, मंगळवार

दुपारी कोपऱ्यावरच्या मावशी आल्या. पदराखाली घमेलं. बसल्या, पावसाचं बोलल्या, सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारलं. उठताना म्हणाल्या, "बाई, दहा किलो तांदूर आहेत का जी? धान निघालं का देतो."

त्यांची दोन एकर आहे. गेल्या वर्षी पंचवीस क्विंटलच्या वर धान झालं होतं, मी खळ्यावर बघितलंय. ते सगळं धान मावशींनी खळ्यावरूनच व्यापाऱ्याला दिलं. लेकीचं बाळंतपण होतं, दुकानदाराची उधारी होती. शिवाय सरकारी खरेदी केंद्रावर नेता येत नव्हतं. सातबारा अजून मेलेल्या सासऱ्यांच्या नावावर. वारसांची नोंद झालेली नाही. सातबारा नावावर नाही म्हणून केंद्रावर नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून हमीभाव नाही, आणि राज्यानं हेक्टरी वीस हजारांचा बोनस दिला तोही नाही. आमच्या घराला गेल्या हंगामात त्या बोनसनंच हात दिला. त्यांची आमची बांधी एका धुऱ्यानं जोडलेली आहे.

रेशन मिळतं. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी पाच किलो, आता फुकट. घरात तीन माणसं, पंधरा किलो. धानाच्या मुलखात रोवणीच्या महिन्यात तीन राबणाऱ्या माणसांना पंधरा किलो तांदूळ पंधरवडाही पुरत नाही. रेशनच्या तांदळात लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले दाणे मिसळून येतात, शंभराला एक. ते धुताना जरा वेगळे दिसतात, म्हणून मावशी आधी ते वेचून फेकत होत्या, 'प्लास्टिकचे' म्हणून. मी समजावून सांगितल्यापासून ठेवतात.

रेशन नसतं तर काय झालं असतं, हे सासूबाईंना विचारावं. त्यांनी आषाढात मोहफुलं उकडून खाल्लीत, पेजेवर दिवस काढलेत. मालगुजाराच्या कोठीतून वाढीदिढीनं धान यायचं. रोवणीत एक खंडी न्यायची, सुगीत दीड खंडी घालायची. देणाऱ्याची कोठी दर वर्षी वाढायची. त्या भुकेपुढे आजचा पंधरा किलोचा शिधा फार मोठी गोष्ट आहे, आणि तो टिकलाच पाहिजे. पण मला मावशींचे पंचवीस क्विंटल डोळ्यांपुढून जात नाहीत. देशातल्या शंभरातल्या शहाऐंशी शेतकऱ्यांची जमीन दोन हेक्टरच्या आत आहे, २०१५-१६ च्या कृषी गणनेतला हा आकडा. धानाचं उत्पादन वाढवा असं या शहाऐंशींना सगळे सांगतात. वाढलेल्यातलं घरात किती राहिलं, हे कोणी विचारत नाही.

तांदूळ दिले. वारस नोंदीचा अर्ज उद्या मी लिहून देणार आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

गावात बैलजोड्या मोजून अकरा. चिखलणी ट्रॅक्टरची झाली, तरी भाऊजींनी आमची जोडी ठेवलीय. शेणखताशिवाय ही हलकी माती पाणी धरत नाही, असं ते म्हणतात, आणि बांधी बघितली की पटतं.

१४ सप्टेंबर, रविवार

तुडतुडे. भाऊजी रोज सकाळी चुडाच्या बुडख्याशी वाकून बघतात. वरून धान हिरवंगार असतं आणि खाली पाण्यालगत शेकडो किडे रस शोषत बसलेले असतात. मग एक दिवस बांधीत गोल चट्टा वाळलेला दिसतो, जळाल्यासारखा, आणि आठवड्यात तो पसरतो. भंडारा-गोंदियात या किडीनं हातचं पीक गेलेली वर्षं सगळ्यांना आठवतात.

दाट रोवलेल्या बांधीत हवा खेळत नाही, तिथे तुडतुडे आधी. दोरीच्या बांधीत मला चुडामागे दोन-तीनच दिसले. दाट बांधीत आम्ही पाणी तोडून चार दिवस कोरडं ठेवलं आणि एकदाच फवारलं. शेजारी कोणी तीन औषधं एकत्र करून मारली. दुकानदारानं दिली म्हणून. त्यात तुडतुडे खाणारे कोळीही मेले.

दुपारी बचत गटाची बैठक होती. आषाढातल्या घमेल्याचा विषय मी नाव न घेता काढला. क्षणभर कोणी बोललं नाही. मग एकीनं सांगितलं, तिनं जुलैत शंभर रुपये उसने घेऊन तांदूळ आणले. दुसरी म्हणाली, मी माहेरून आणले. चौदा बायांपैकी आठ जणींच्या घरी आषाढात कुठून तरी आणलेलं शिजलं होतं, आणि चौदाही घरी धान पिकतं. ठरलं ते असं: चुरणा झाल्यावर प्रत्येक घरानं वीस किलो धान गटाच्या ढोलीत घालायचं. आषाढात जिला लागेल तिनं न्यायचं, कारण विचारायचं नाही. सुगीत तेवढंच परत, वर वीस किलोला एक किलो, उंदीर-घुशीची तूट भरायला. वाढीदिढी नाही, हे सासूबाईंनी तीनदा म्हणवून घेतलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज उभ्या धानात लाखोळी फेकली. धान निसवून, दाणे भरून पिवळं पडू लागलं, बांधीत पाय रुततो इतकी ओल आहे, हीच वेळ. भाऊजींनी ओटीत बी घेतलं आणि चालत-चालत मुठीनं विस्कटत गेले. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापलं जाईल तेव्हा त्याच्या बुडख्यांमध्ये लाखोळी बोटभर वर आलेली असेल. थंडीत दवावर वाढेल. डिसेंबरात शेंडे खुडून भाजी, फेब्रुवारीत डाळ. धानाच्या बांधीतून धानानंतर काहीही खर्च न करता निघणारी ही एकच डाळ मला माहीत आहे.

या डाळीनं माणसं लुळी होतात असं माझ्या लहानपणी शाळेतच ऐकलं होतं. खोटं नव्हतं. दुष्काळात, किंवा मध्य प्रदेशातल्या रीवा भागात जिथे मजुरीच या डाळीत मिळायची तिथे, महिनोन्महिने हीच डाळ खाऊन माणसांच्या पायांतलं बळ गेलं, ते परत आलं नाही. स्पेनमध्ये यादवी युद्धानंतरच्या उपासमारीत हेच झालं, इथिओपियात झालं. त्यातलं विष कोणतं, ते १९६४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शोधून काढलं. या लुळेपणामुळे विक्रीवर बंदी होती. महाराष्ट्रानं ती २००८ मध्ये उठवली. रतन, प्रतीक यांसारखे विष कमी असलेले वाण आता आहेत.

पण आमच्याकडच्या बाया बंदीच्या काळातही ही डाळ रांधत होत्या, आणि कशी रांधायची ते त्यांना ठाऊक होतं. आधी गरम पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, पुन्हा धुवायची. विष पाण्यात उतरतं हे प्रयोगशाळेनं सांगायच्या आधी सासूबाईंच्या सासूनं ते पाणी अंगणात ओतलेलं आहे. आणि सोबत भात, मासोळी, अंबाडी, धुऱ्यावरची तूर असायची. लुळं करते ती एकट्या डाळीवर आणणारी गरिबी. नुसत्या डाळीला दोष देऊन आपण त्या मजुरीचा हिशेब बघायचा टाळला.

म्हणून धुऱ्यावर तूर लावलीच पाहिजे, असं मी गटात सारखं म्हणते. पावसाळ्यात रानातून वास्ते (बांबूचे कोंब) येतात, सात्या (अळंबी) येतात, परसात दोडकी आणि वाल असतो. धान पोट भरतं. पोरीबाळींच्या अंगात रक्त येतं ते या बाकीच्या गोष्टींनी. त्यांचा कुठेच क्विंटलमध्ये हिशेब होत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कुठली योजनाही पटकन सुचत नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस पाऊस. ज्यांचं हलकं धान कापून कडपा बांधीत पडला होता त्यांचं गेलं. मावशींचा अर्धा एकर त्यात आहे. सकाळी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी पाण्यातून एक पेंढी उचलली, लोंब तळहातावर घासली. दाण्याला पांढरा कोंब आला होता. काही न बोलता त्यांनी ती पेंढी धुऱ्यावर ठेवली, मग दुसरी उचलली, मग तिसरी. आम्ही सगळ्या जणी उतरलो आणि दुपारपर्यंत अर्धा एकर पाण्यातून काढून धुऱ्यावर उभा केला. पंचनाम्याला नाव लागतं. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांपासून पडून आहे.

आमचं मध्यम धान उभं होतं. आडवं पडलंय थोडं, पण हाती येईल.

२३ नोव्हेंबर, रविवार

चुरणा झाला. हिशेब लिहिते, कारण दर वर्षी आम्ही तो तोंडी करतो आणि दर वर्षी पैसा कुठे गेला ते कळत नाही.

दोरीच्या अर्ध्या एकरात १०१० साडेआठ क्विंटल. बाकीच्या एका एकरात साडेचौदा. म्हणजे अर्ध्या एकरामागे सव्वा क्विंटलचा फरक. एका बांधीवरून, एका हंगामावरून मी नियम करणार नाही, पण पुढच्या वर्षी दोरी पूर्ण दीड एकरात जाईल. हे भाऊजीच म्हणाले. एचएमटी एका एकरात अकरा क्विंटल.

खर्च: नांगरणी-चिखलणी ९,०००, रोवणी ११,०००, खत आणि औषध ८,५००, कापणी-बांधणी-चुरणा १०,५००. एकूण ३९,०००. आमच्या स्वतःच्या हातांचे दिवस यात नाहीत.

यंदाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. १०१० चे तेवीस क्विंटल केंद्रावर घातले, तर ५४,४८७. खर्च वजा जाता साडेपंधरा हजार. वर्षाचे.

खरी वादावादी एचएमटीवर झाली. बारीक धान व्यापारी हमीभावाच्या वर देऊन घरून नेतो. म्हणून आजवर आम्ही बारीक विकत आलो आणि ठोकळ खात आलो. भाऊजींचा हिशेब तोच: बारीक विकू, पैसे जास्त येतील, खायला १०१० ठेवू. पैशाच्या बाजूनं त्यांचं बरोबर आहे, मी त्यांना तसं म्हटलंही. मग सासूबाई बोलल्या. "सत्तर वर्षं रोवलं म्या. बारीक धान रोवलं, कापलं, चुरलं, आणि पोत्यात भरून लोकाले देल्लं. एक वरीस घरात राहू दे." भाऊजी उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं परत आले ते पोती आत घ्यायला.

अकरा क्विंटल घरात. दहा खायला, गिरणीतून साडेसहा-पावणेसात क्विंटल तांदूळ निघतील, पाच माणसांना वर्ष जाईल. पन्नास किलो बियाण्याला, वीस किलो गटाच्या ढोलीला, बाकी पाहुण्यारावळ्याला. विकायचं किती ते खाण्याचं मोजून झाल्यावर ठरवलं, असं या घरात पहिल्यांदा झालं.

केंद्रावर मात्र ओळ आहे. एका केंद्रावर भाऊजी धान घेऊन गेले ते बारदाना नाही म्हणून तीन दिवस पोत्यांवर झोपले. वजनात पोत्यामागे किलोभर जास्त घेतात. त्याची पावतीवर नोंद नाही. हमीभाव जाहीर होतो तो पूर्ण मिळावा, आणि वेळेवर मिळावा. लहान शेतकरी व्यापाऱ्याकडे जातो तो भाव कळत नाही म्हणून नव्हे. त्याच्याकडे वाट बघायला दिवस नसतात.

१४ डिसेंबर, रविवार

बुरडाकडून आणलेली बांबूची ढोली जाऊबाईंनी आणि मी शेणामातीनं आतून-बाहेरून लिंपली होती. आज गटानं धान घातलं. तळाशी कडुनिंबाचा पाला. प्रत्येक घराचं वीस किलो तराजूवर मोजून, वहीत लिहून. एकीनं अठराच आणलं, पावसात गेलं होतं तिचं. वहीत अठरा लिहिलं, कोणी काही बोललं नाही. शेवटी दोनशे अठ्ठ्याहत्तर किलो झालं. झाकण बसवून कडेनं माती लावली आणि मी खडूनं वर तारीख टाकली.

मावशींची वारस नोंद परवा झाली. त्यांनी सातबाऱ्याचा उतारा पदराच्या गाठीतून काढून मला वाचायला लावला, स्वतःचं नाव आलं तिथे बोट ठेवून परत वाचायला लावलं. यंदाची नोंदणी हुकली, धान पुन्हा व्यापाऱ्यालाच गेलं. पण सगळं नाही. सहा पोती त्यांनी घरात ठेवलीत.

बाया गेल्यावर त्या मागे राहिल्या. पदराखालून तेच घमेलं काढलं. दहा किलो तांदूळ, कणी चाळून काढलेली. मी नको म्हटलं. त्यांचं धान पाण्यातून काढलेलं मी पाहिलं होतं, घेववत नव्हतं.

"घे," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "घेतलं नाई तं पुढच्या आषाढात ते मांगाले येनार नाई."

मी घमेलं आत नेलं, तांदूळ डब्यात ओतले. रिकामं भांडं परत देऊ नये. परसातून बांधीत उतरले, धानाच्या बुडख्यांमधून लाखोळीचे कोवळे शेंडे खुडले, घमेलं भरलं आणि मावशींच्या हातात दिलं.